नणंद वजनाचं इंजेक्शन आमच्या फ्रीजमध्ये ठेवून गेलीये, घेऊ की नको?

सड्यावरची

नमस्कार सगळ्यांना. मी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल समजून घ्या. रत्नागिरीजवळ राहते, गावाचं नाव लिहित नाही कारण आमचा अर्धा गाव हे वाचत असेल. वय ४३, उंची १५५ सेमी, वजन परवा भाताच्या गिरणीवरच्या काट्यावर ८४ भरलं (हो तिथेच केलं, घरचा काटा दोन वर्षं बंद आहे आणि तो मुद्दामच दुरुस्त केलेला नाही). थायरॉईडची गोळी आठ वर्षं चालू आहे, गुडघे दुखतात, जिना चढताना कमी आणि उतरताना जास्त.

तर झालं असं की मोठी नणंद मुंबईहून आंब्याला आली होती. गणपतीत आली तेव्हा माझ्याएवढीच होती, ह्या वेळी स्टेशनवर आणायला गेले तर ती समोरून हात करत येतेय आणि मी तिच्या मागे कोण आहे ते बघतेय. १६ किलो उतरलीये. सकाळी दीड घावण खाल्लं आणि ताटली बाजूला, जी बाई आधी आठ घावणांनंतर विचारायची अजून पीठ आहे का. मग तिने सांगितलं, आठवड्यातून एकदा पोटात इंजेक्शन घेते, सेमाग्लुटाइड म्हणून.

जाताना एक पेन फ्रीजच्या दारात ठेवून गेली. म्हणे डॉक्टरांनी आता पुढचा डोस दिलाय, ह्यात १ मिग्रॅचे दोन डोस उरलेत, तू सुरू कर वहिनी, सुई तेवढी नवीन लाव म्हणजे झालं, पुढचं मी मुंबईहून पाठवते. दिराच्या मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे, डिसेंबर म्हणजे सहा महिने हातात आहेत. त्यात ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी वळवाचा पाऊस आला, तारेवर माड पडला आणि दीड दिवस लाईट नव्हती. पेन तसंच दारात आहे, आमरसाच्या डब्याला टेकून.

व्हॉट्सॲपवर वाचलं की ह्याने थायरॉईडचा कॅन्सर होतो, पोट बंद पडतं, डोळे जातात. आणि दुसरीकडे नणंद डोळ्यासमोर ठणठणीत. आमचे हे म्हणतात भात कमी कर. कोणी खरंच घेतलंय का? खरं काय ते सांगा.

कुडाळचो_दुकानदार

गो बाये, आधी ता पेन टोचू नको. बाकीचा मागसून.

(आता सरळ मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याची मंडळी भाषांतर मागतात.)

माझं मेडिकलचं दुकान आहे, २२ वर्षं काउंटरला उभा आहे. नणंदेचं मन चांगलं असेल हो, पण दुसऱ्याचं पेन वापरणं म्हणजे दुसऱ्याची सिरिंज वापरण्यासारखंच आहे, सुई नवी लावली तरीसुद्धा. टोचल्यावर रक्ताचा बारीक अंश सुईतून मागे पेनातल्या औषधात जाऊ शकतो, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही हे सगळे त्याच वाटेने जाणारे. इन्सुलिनच्या पेनालाही हाच नियम आहे पण आमच्याकडे नवरा-बायको एकच पेन वापरतात आणि मला कौतुकाने सांगतात की पैसे वाचले.

डोसचं बघा. सेमाग्लुटाइड वजनासाठी देतात तेव्हा सुरुवात आठवड्याला ०.२५ मिग्रॅ, ते चार आठवडे, मग ०.५, मग १, मग १.७ आणि सोसलं तर २.४. एकेका पायरीवर महिना महिना काढायचा असतो, पोटाला सवय व्हायला. तुम्ही पहिल्याच दिवशी १ घेणार म्हणजे चौपट. आणि हे औषध अंगातून अर्धं कमी व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे उलट्या सुरू झाल्या तर गोळी बंद केली आणि संध्याकाळी बरं वाटलं असला प्रकार नाही, आत गेलेलं आहे ते आपल्या वेळेने जाणार.

आता लाईटचं. न उघडलेलं पेन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं. एकदा सुरू केलं की काही आठवडे बाहेर चालतं, किती ते कंपनीप्रमाणे बदलतं, पण ३० डिग्रीच्या आत. आता मे महिन्यात आपल्याकडे ३० डिग्रीच्या आत काय असतं? विहीर. आणि कोणी सांगेल बर्फात ठेवा, तर तेही नको, एकदा गोठलं की ते औषध गेलं, पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही. माझं एक गिऱ्हाईक पेन सांभाळून आणतो म्हणून पापलेटाच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फात रुतवून घेऊन आलं होतं. माशाला काही झालं नव्हतं.

अजून एक, "मुंबईहून पाठवते" म्हणजे कोणाकडून? चिठ्ठीशिवाय, इन्स्टाग्रामवरून, ओळखीच्या ओळखीने असं काही असेल तर लांब राहा. जून २०२४ मध्ये डब्ल्यूएचओने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता, ब्राझील, ब्रिटन, अमेरिका अशा देशांत खोटी पेनं सापडली होती. तिथे होऊ शकतं तर कुरिअरने येणाऱ्या पिशवीचं काय घेऊन बसलात.

खाडीकाठ

मी घेतलंय, मालवणचा आहे, वय ५१. माझं सेमाग्लुटाइड नाही, त्याच जातीचं दुसरं, टिर्झेपेटाइड होतं. शुगर सात वर्षांची, वजन १०४. मागच्या मे मध्ये सुरू केलं, फेब्रुवारीपर्यंत घेतलं, नऊ महिने, ९० वर आलो.

लोक विचारतात भूक कमी होते का. भूक कमी होणं वेगळं आणि हे वेगळं, मला सांगता येतंय का बघतो. माझ्या डोक्यात सकाळी उठल्यापासून जेवणाचं चालू असायचं, नाश्ता करताना दुपारी सुरमई आणायची की बांगडे, जेवताना संध्याकाळी काय, म्हणजे मागे कायम रेडिओ लावलेला असतो ना तसं. दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात एक दिवस जेट्टीवर उभा होतो आणि लक्षात आलं की रेडिओ बंद आहे. बायकोने बांगड्याचं तिखलं केलेलं, मी एक तुकडी खाल्ली आणि दुसरी ताटात ठेवली. ती घाबरली. आमच्या घरात ताटात मासा उरलेला आजवर कोणी बघितला नव्हता, मांजरही दोनदा बघून गेलं.

आता दुसरी बाजू ऐका. बद्धकोष्ठ असा की सांगायची सोय नाही, इसबगोल आणि ताक ह्याच्यावर दोन महिने काढले. मळमळ डोस वाढवला की पहिले चार दिवस. तेलकट खाल्लं तर रात्रभर ढेकर, तेही कुजलेल्या अंड्यासारखे. आणि एक चूक माझी, डॉक्टरांना मी ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी) घेतो ते सांगितलं होतं पण मधे दुसऱ्या डॉक्टरांनी त्याचा डोस वाढवलेला ते सांगितलं नाही. एक दिवस बोटीवर हात थरथरायला लागले, घामाने शर्ट चिंब, गिऱ्हाइकांना वाटलं नांगर ओढून दमला. मशीनवर शुगर ५८. खिशात चॉकलेट होतं म्हणून वाचलो. नुसत्या ह्या इंजेक्शनने शुगर सहसा अशी पडत नाही पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड जोडीला असेल तर पडते, ते आधीच कमी करावं लागतं. मला हे नंतर कळलं.

पैशाचं पण बोला कोणीतरी. मौंजारो (टिर्झेपेटाइडचंच कंपनीचं नाव) मार्च २०२५ ला भारतात आलं तेव्हा अडीच मिग्रॅची कुपी ३५०० आणि पाचची ४३७५ होती, आठवड्याला एक. म्हणजे पाचवर गेलात की महिन्याला साडेसतरा हजार. मी सीझनच्या पैशात भागवत होतो. फेब्रुवारीत बोटीचं इंजिन बसलं, इंजेक्शन की इंजिन असा प्रश्न आल्यावर काय करणार, इंजेक्शन बंद केलं. तीन महिन्यांत सहा किलो परत. रेडिओ पण परत, आवाज जरा जास्तच.

तरी मी वाईट म्हणणार नाही. शुगर सात वर्षांत पहिल्यांदा ताळ्यावर आली होती आणि बोटीच्या शिडीवरून चढताना धाप लागायची ती गेली होती.

तात्या_शृंगारतळी

कशाला ही विकतची दुखणी. आमची आजी दोन वेळ भात खायची, नारळ घालून सगळं खायची, मरेपर्यंत ४५ किलो. रोज पहाटे पाच किमी चाला, रात्री फक्त पेज प्या, सहा महिन्यांत सांगा मला. मनावर ताबा नाही म्हणून औषधं काढतात.

सड्यावरची

तात्या, पेज पिऊन तीन वर्षांपूर्वी नऊ किलो कमी केले होते मी. अकरा वाढले.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गात काम करते. वजनाची डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण ह्या इंजेक्शनवरचे पेशंट आता टेबलावर येतात म्हणून वाचावं लागलं.

तात्या, आधी तुमचं. तुमच्या आजी भात खायच्या आणि लावणीपासून झोडणीपर्यंत सगळं हातानेही करायच्या, विहिरीचं पाणी डोक्यावरून. आपण भात तोच ठेवला. दुसरं म्हणजे आपल्या लोकांचं शरीरच जरा फसवं असतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी २००४ मध्ये लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता, ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर इंग्रज साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि कंबर बायकांची ८० सेमी, पुरुषांची ९० सेमीच्या पुढे गेली की सावध. सड्यावरची ताईंचा बीएमआय ३५ येतो. ह्याला नुसतं "जरा भरलेली" म्हणत नाहीत.

आणि मनाच्या ताब्याचं म्हणाल तर सेमाग्लुटाइडची २०२१ ची मोठी चाचणी बघा. १९६१ लोक, ६८ आठवडे. आहाराचा आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना दिला होता. खोटं (औषध नसलेलं) इंजेक्शन मिळालेल्यांचं वजन सरासरी २.४ टक्के उतरलं, खरं मिळालेल्यांचं १४.९. सगळे एकदम आळशी एकाच गटात गेले असतील असं वाटत नाही. ताईंच्या ८४ चे साधारण साडेएकाहत्तर होतील, म्हणजे झाले तर, सरासरी आहे ती, कोणाचं तीन टक्के उतरतं कोणाचं वीस. टिर्झेपेटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत २०.९ टक्के आलेत. २०२३ ची दुसरी एक चाचणी आहे, १७,६०४ लोक, हृदयविकार झालेले पण मधुमेह नसलेले, त्यांत हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून २० टक्के कमी झाले. त्यामुळे हे फक्त लग्नात साडी नीट बसावी म्हणून आलेलं औषध नाही.

पण खाडीकाठ दादांनी लिहिलं ते सगळ्यात महत्त्वाचं. त्याच पहिल्या चाचणीतल्या काही लोकांना इंजेक्शन बंद करून वर्षभर बघितलं, तर उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश परत आला. हे बीपीच्या गोळीसारखं आहे, घेताय तोपर्यंत. सहा महिने घेईन आणि लग्न झालं की सोडेन हा हिशोब इथे बसत नाही.

आता व्हॉट्सॲपवाल्या भीती. थायरॉईडचा कॅन्सर: उंदरांमध्ये दिसला, माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, पण घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कॅन्सर किंवा एमईएन २ नावाचा आनुवंशिक आजार असेल तर हे औषध देत नाहीत. तुमची रोजची थायरॉईडची गोळी म्हणजे तो आजार नव्हे, त्या गोळीमुळे कोणी तुम्हाला अडवणार नाही. डोळे: मधुमेह असेल आणि पडद्यावर आधीच खराबी असेल तर शुगर एकदम खाली आल्यावर ती बळावू शकते, म्हणून आधी डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटून दृष्टी जाते असाही एक प्रकार आहे, युरोपच्या औषध यंत्रणेने २०२५ मध्ये तो सेमाग्लुटाइडचा अतिशय विरळ दुष्परिणाम म्हणून मान्य केला, दहा हजारांत फार तर एक. पित्ताशयात खडे होतात, वजन भराभर उतरलं की ते कुठल्याही मार्गाने उतरलं तरी होतात. स्वादुपिंडाला सूज येणं क्वचित, पण पोटात वर दुखून पाठीत कळ गेली आणि थांबेना तर ॲसिडिटी म्हणून घरी सोडा पीत बसायचं नाही, दवाखान्यात जायचं.

पोट बंद पडतं ते अर्धं खरं आहे. पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, तो त्याच्या कामाचाच एक भाग आहे. माझ्याकडे एक काका हर्नियाच्या ऑपरेशनला आले, रात्री आठपासून उपाशी, फॉर्मवर सगळ्या गोळ्या नीट लिहिलेल्या. मला पोट जरा फुगलेलं वाटलं म्हणून सोनोग्राफी लावली तर आत रात्रीचं जेवण जसंच्या तसं. भूल दिल्यावर ते वर येऊन फुप्फुसात गेलं असतं तर हर्निया राहिला बाजूला. विचारलं तर म्हणाले, "औषध नाही हो मॅडम ते, वजनाचं इंजेक्शन आहे, मुलगा दुबईहून आणतो." ऑपरेशन पुढे ढकललं. तेव्हा कोणीही हे घेत असाल तर दाताच्या डॉक्टरपासून भुलीच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगा, कृपा करून.

आणि दिवस राहायची शक्यता असेल तर हे चालत नाही, सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपेटाइडमध्ये तर गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो. हे काउंटरवर कोणी सांगत नाही (दुकानदार दादा अपवाद असतील).

कुडाळचो_दुकानदार

सांगतो हो मॅडम. बायको समोर असली की नवरे ऐकत नाहीत एवढंच.

एसटीचा_पास

तुम्ही सगळे गंभीर झालात, मी जरा माझं सांगतो. २०१२ ची गोष्ट, तेव्हा ही इंजेक्शनं नव्हती, मी ऑर्लिस्टॅट घेतलेलं, १२० ची कॅप्सूल दिवसातून तीनदा जेवणाबरोबर. ती भुकेला हात लावत नाही, आतड्यात चरबी पचवणारा रस अडवते, खाल्लेल्या चरबीतली साधारण तीस टक्के पचतच नाही, सरळ बाहेर. डॉक्टरांनी सांगितलेलं की तेलकट खाऊ नका. मी हो म्हटलेलं.

आणि मग मामाकडे जत्रेला गेलो आणि कोंबडी-वडे. खोबऱ्याच्या वाटपाचा रस्सा, वर तवंग, सहा वडे. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली, पांढरी पँट, आणि मधल्या घाटात लक्षात आलं की आपल्याला कळायच्या आत काहीतरी झालंय. नारंगी तेल. मी पुढचे दोन तास सीटवरून उठलो नाही, माझा स्टॉप गेला तरी उठलो नाही, शेवटच्या स्टॉपला सगळे उतरल्यावर कंडक्टरने विचारलं काय हो तब्येत बरी ना, त्याच्याकडून पेपर मागून घेतला आणि मागे धरून उतरलो.

चार महिन्यांत तीन किलो कमी झाले. त्यातले दोन मला वाटतं भीतीने. कोकणात नारळ सोडून राहायचं तर हे औषध घ्यायची गरजच काय.

फिट_कोकण_फॅमिली

ताई मेसेज करा. शंभर टक्के हर्बल पावडर, महिन्यात ८ किलो गॅरंटी, साइड इफेक्ट शून्य, डॉक्टरांची गरज नाही.

कुडाळचो_दुकानदार

हे आलेच. ताई, ह्यांना मेसेज करू नका. सिब्युट्रामिन नावाची भूक मारणारी गोळी होती, बीपी आणि हृदयाच्या त्रासामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपात बंद झाली, २०११ मध्ये आपल्याकडे. पण अमेरिकेच्या औषध खात्याला असल्या "हर्बल" पुड्यांमध्ये तीच परत परत सापडत आलीये. महिन्यात आठ किलो उतरवणारी पावडर निघाली तर मला आधी जाणून घ्यायचंय की त्यात कोणतं ॲलोपॅथी आहे. त्याच्या आधी १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन बंद झालं, हृदयाच्या झडपा खराब होत होत्या. वजनाच्या औषधांचा इतिहास असा आहे, म्हणून मी नव्या इंजेक्शनांकडेही जरा तिरक्या नजरेनेच बघत होतो, आता एवढ्या लोकांवर एवढी वर्षं वापरून झाल्यावर जरा सरळ बघतो.

आणि किमतीचं, सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ ला संपलं, त्यामुळे देशी कंपन्या उतरल्यात आणि भाव खाली येतायत. चांगलंच आहे, पण स्वस्त झालं की चिठ्ठी न आणता मागणारे वाढणार हे पण मला दिसतंय. कालच एकजण आला, वजन ६२, लग्न ठरलंय, म्हणे पोट जरा कमी करायचंय. त्याला म्हटलं शर्ट बाहेर काढ.

खाडीकाठ

एक राहिलं. नुसती चरबी जात नाही, मांसपण जातं. मला डॉक्टरांनी सांगितलेलं प्रोटीन खा आणि वजनं उचला, मी म्हटलं बोट ओढतो तेवढं पुरे. नाही पुरलं, मांड्या सुकल्या. भूक नसते तेव्हा जे दोन घास जातात त्यात भात नको, मासा, अंडं, कुळथाची पिठी असं काहीतरी पाहिजे.

भूलवाली

बरोबर. चाचण्यांत उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा ते ४० टक्के हा चरबी सोडून बाकीचा होता. चाळिशीनंतर बायकांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. ताई, तुम्ही आधी शुगर, लिव्हर, किडनी, थायरॉईड एवढं रक्त तपासून या. शेवटची शुगर कधी बघितली?

सड्यावरची

धाकट्याच्या वेळी. तो आता दहावीला आहे.

भूलवाली

उद्या सकाळी उपाशी पोटी जा.

सड्यावरची

बारा दिवसांनी लिहितेय, रागावू नका, मधे आंब्याच्या पेट्या आणि पावसाच्या आधीची लाकडं भरणं चालू होतं.

उपाशी शुगर १४८, तीन महिन्यांची सरासरी ७.४. लिव्हरला चरबी आहे. म्हणजे वजन बघायला गेले आणि शुगर सापडली. लॅबमधल्या मुलीने कागद हातात दिला तेव्हा मला वाटलं नावात चूक झालीये, मी परत विचारलं सुद्धा. रात्री दोनदा उठायचे ते मी वयामुळे समजत होते, आणि पायाला मुंग्या येतात ते खळ्यात बसून बसून.

रत्नागिरीत फिजिशियनकडे गेलो, हे पण आले बरोबर. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन तुम्हाला बसतं, नको असं नाही, पण ते लग्नासाठी नाही, शुगरसाठी आणि लिव्हरसाठी, आणि सुरू केलं तर सहा महिन्यांचा विचार करू नका, वर्षांचा करा. आता मेटफॉर्मिन म्हणून शुगरची गोळी दिलीये, रात्रीचा भात अर्धा, डोळ्याचा पडदा तपासायला पुढच्या सोमवारी जायचंय, सहा आठवड्यांनी परत बघून मग ०.२५ पासून सुरू करायचं की नाही ते ठरवू म्हणाले. घरी येऊन ह्यांनी कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला, महिन्याचा, मग वर्षाचा, मग पाच वर्षांचा, आणि पेन्सिल ठेवून दिली. मग म्हणाले, "पाय कापायच्या ऑपरेशनला किती लागतात ते पण विचारायला हवं होतं." भात कमी कर एवढंच म्हणणारा माणूस. मी काही बोलले नाही, चहा केला, बिनसाखरेचा, दोघांना.

चालायला लागलेय, पाच किमी नाही तात्या, सड्यावरून देवळापर्यंत आणि परत. गुडघा उतारावर बोंबलतो.

तात्या_शृंगारतळी

उताराला काठी घ्या. आणि देवळापर्यंत असेल तरी चालतंय. माझी स्वतःची शुगर मी पण नाही बघितलेली बरीच वर्षं, बघतो.

सड्यावरची

बघा तात्या, नक्की.

दुकानदार दादा, आता ते पेन कुठे टाकू? काल नीट बघितलं तर त्याला सुई तशीच लावलेली आहे, टोपण घालून. पोरं सारखी फ्रीज उघडतात.

कुडाळचो_दुकानदार

सुई लावूनच ठेवली होती म्हणजे नणंदबाईंना पण कोणी शिकवलेलं नाही, प्रत्येक वेळी सुई काढून ठेवायची असते, नाहीतर औषध गळतं आणि आत हवा जाते. आता तुम्ही सुई उघड्या हाताने काढायला जाऊ नका. जाड प्लास्टिकची फिनेलची रिकामी बाटली घ्या, पेन मावत असेल तर तसंच आत टाका, झाकण घट्ट, वर चिकटपट्टी, आणि पुढच्या वेळी रत्नागिरीला जाल तेव्हा दवाखान्यात द्या, त्यांचा सुयांचा कचरा वेगळा जातो. परसात पुरू नका, पोरं नाहीतर कुत्री उकरतात.

सड्यावरची

बाटलीत गेलं, मावलं बरोबर. पण आत्ताच नणंदेचा फोन होता. तिला सांगितलं मी घेत नाहीये, तर म्हणते मग कुरिअर कर, त्यात अजून दोन डोस आहेत, एवढं महागाचं औषध कोणी टाकतं का, माझ्या ऑफिसमधली एक घेईल. कचऱ्यात टाकलं सांगितलं तर गणपतीपर्यंत बोलणार नाही माझ्याशी. काय सांगू तिला?

कुडाळचो_दुकानदार

दीड दिवस लाईट नव्हती म्हणून सांगा. खोटं पण नाही.